निजायची वेळ आणि कामाचे तास

पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये घेतला. त्याआधी, डिसेंबर 2023 मध्ये, तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळेचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला होता. मुले रात्री उशिरा झोपतात आणि सकाळी लवकर उठावे लागल्याने त्यांची झोप अपुरी राहते, अशी या निर्णयामागची कारणमीमांसा होती. निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली. स्कूलबसच्या फेऱ्या, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांच्या इमारती, नोकरदार पालकांची सकाळची घाई, या सगळ्यांचा ऊहापोह झाला. परंतु ज्या गृहीतकावर तो निर्णय उभा होता, त्याला फारसा कोणी हात घातला नाही. मुले रात्री उशिरा झोपतात, हे एखाद्या ऋतुमानासारखे अटळ मानले गेले. ती उशिरा का झोपतात, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : मोबाईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चार वर्षांचे मूल स्वतः मोबाईल विकत घेत नाही. तो त्याच्या हाती कोणीतरी देते, आणि देणारी व्यक्ती बहुधा त्या वेळी स्वयंपाक करीत असते, उरलेले कार्यालयीन काम उरकत असते किंवा नुकतीच दाराशी चपला काढून दमून बसलेली असते. दुसरे कारण याहून साधे आहे. घरातील मोठी माणसे घरी उशिरा येतात आणि मूल त्यांची वाट पाहत जागे राहते. ते कोणी शिकवल्यामुळे जागत नाही. दिवसभरात न भेटलेले माणूस भेटल्याशिवाय दिवस संपला, असे त्याला वाटत नाही, एवढेच. म्हणजे मुलाची निजायची वेळ मुलाच्या स्वभावावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती कार्यालय सुटण्याच्या वेळेवर आणि त्यानंतर मिळणाऱ्या गाडीवर अवलंबून असते. बालसंगोपनाचा वाटणारा हा प्रश्न म्हणूनच अर्थशास्त्राच्या अंगणातही येतो.

साठवता न येणारा वेळ

अर्थशास्त्रात नाशवंत वस्तूंचा एक वर्ग असतो. भाजी, दूध, फुले यांचा साठा करता येत नाही; आजची भाजी आज खपली नाही तर उद्या तिचे मोल उरत नाही. आगगाडीतील रिकामी जागाही तशीच. गाडी सुटली की ती जागा कायमची वाया गेली. उद्याच्या गाडीला ती जोडता येत नाही. लहान मुलाच्या झोपेआधीचा अर्धा तास या वर्गात मोडतो, हे प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून कळले नाही. ते एका प्रश्नाने कळले.

मी डोंबिवलीला राहतो आणि मुंबईत शिकवतो. गेल्या वर्षी नेहमीच्या तासांखेरीज सायंकाळचे काही वर्ग ताशी मानधनावर घेत होतो. आठवड्यातले पाच दिवस घरी पोहोचायला साडेनऊ होत. चार वर्षांचा मुलगा तोवर झोपलेला असे, किंवा झोपेने लाल झालेल्या डोळ्यांनी किरकिरत असे. रविवारी मात्र मी त्याच्याजवळ बसून गोष्ट सांगत असे आणि आठवड्याची भरपाई झाली, असे मनाशी म्हणत असे. पावसाळ्यात एका बुधवारी वर्ग रद्द झाले. मी लवकर घरी आलो. जेवणे झाल्यावर त्याच्या अंथरुणाशी बसलो, गोधडी सारखी केली आणि गोष्ट सुरू करणार, तोच त्याने विचारले, ‘बाबा, आज रविवार आहे का?’

त्या प्रश्नात तक्रार नव्हती. म्हणूनच तो अधिक लागला. बाप सोडला तर त्याचे दिवस ठीक चालले होते. गोष्ट ही रविवारी मिळणारी वस्तू आहे, असा निष्कर्ष त्याने अनुभवातून काढला होता आणि तो तर्कशुद्ध होता. भरपाईचा माझा हिशेब मात्र चुकीचा ठरला. मी आठवड्याची बेरीज करीत होतो. तो एकेक रात्र मोजत होता. रविवारी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून मंगळवारची गोष्ट परत येत नाही, कारण मंगळवारी जे त्याला सांगायचे होते ते रविवारपर्यंत तो विसरलेला असतो. बालवाडीत कोणी ढकलले, खिडकीत कबुतराने अंडे घातले, पाण्याची बाटली हरवली आणि मग सापडली, अशा या बातम्यांचे आयुष्य एका दिवसाचे असते. त्या त्याच रात्री ऐकायच्या असतात.

नेमाचे बळ

निजण्यापूर्वीचा नेम म्हणजे नेमके काय, याविषयी हल्ली बरेच गैरसमज आहेत. मुलासाठी स्वतंत्र खोली हवी, तिच्या भिंतींवर चांदण्या हव्यात, चित्रांच्या पुस्तकांचे कपाट हवे, अशी समजूत जाहिरातींनी रुजवली आहे. वास्तविक नेमाला लागते ती एकच गोष्ट : त्याच चार-पाच साध्या कृती, त्याच क्रमाने, साधारण त्याच वेळी. हातपाय धुणे, दात घासणे, मोठा दिवा मालवून लहान लावणे, अंथरुणात पडून दिवसभराचे बोलणे, एक गोष्ट, मग अंधार. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे चौघे एका रांगेत झोपतात, तिथेही हे होऊ शकते. किंबहुना अशा खोलीत त्याची गरज अधिक, कारण तिथे दिवसाचा शेवट दाखवणारे दार बंद करता येत नाही. तिथे क्रम हेच दार असते.

मुलाला क्रम इतका प्रिय का असतो, हेही समजून घेतले पाहिजे. त्याच्या दिवसातील जवळजवळ सर्व निर्णय दुसऱ्यांनी घेतलेले असतात. कधी उठायचे, काय खायचे, कोणाबरोबर खेळायचे, कुठे जायचे, यातले त्याच्या हाती फार थोडे असते. पण दात घासल्यावर लहान दिवा लागतो आणि लहान दिव्यानंतर गोष्ट येते, हे एकदा पक्के झाले की पुढे काय होणार ते त्याला आधी ठाऊक असते. तीच गोष्ट पुनःपुन्हा ऐकण्याचा त्याचा हट्ट याच जातीचा आहे. मेणाचे घर बांधणारी चिमणी आणि शेणाचे घर बांधणारा कावळा यांची कथा मोठ्यांना कंटाळवाणी वाटते, कारण शेवट ठाऊक असतो. मुलाला ती आवडते, तीही शेवट ठाऊक असतो म्हणूनच. घाईने एखादा प्रसंग गाळून पाहावे. अर्धवट झोपेतले मूल ताडकन उठून चूक दुरुस्त करते.

या नेमाचे परिणाम तपासण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 405 माता व त्यांची तान्ही आणि रांगती-चालती मुले होती. ठरावीक नेम पाळणाऱ्या गटातील मुले दोन आठवड्यांत लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली. आणि विशेष म्हणजे मातांची मनःस्थितीही सुधारली. मिंडेल व इतर संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीसाठी भारतासह अनेक देशांतील दहा हजारांहून अधिक मातांकडून माहिती गोळा केली होती. आठवड्यात जितक्या अधिक रात्री नेम पाळला जातो, तितकी झोप चांगली, असा कल तीत दिसला. ही दुसरी पाहणी सहसंबंध दाखवते, कार्यकारणभाव नव्हे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. ज्या घरात नेम पाळणे शक्य होते, त्या घरात झोपेला अनुकूल अशा इतर गोष्टीही असू शकतात. तरीही रात्रींची संख्या महत्त्वाची ठरावी, हे लक्षणीय आहे. रविवारच्या भरपाईचा सिद्धान्त येथेही टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप हवी आणि पडद्यासमोर त्याने एका तासाहून अधिक वेळ बसू नये. साधा हिशेब करून पाहू. नऊच्या शाळेसाठी मूल सातला उठवायचे आणि दुपारची झोप सुटलेली असेल, तर किमान दहा तासांसाठी ते रात्री नऊला झोपले पाहिजे. म्हणजे नेम साडेआठला सुरू झाला पाहिजे. साडेआठला कसारा किंवा कर्जतच्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाने हा हिशेब कसा जुळवावा?

आजीची गोष्ट, वडिलांची गैरहजेरी

येथे पूर्वीच्या एकत्र कुटुंबाची आठवण निघणे स्वाभाविक आहे. दिवेलागणीची शुभंकरोती, अंगणातली बाज, आजीच्या कुशीतली गोष्ट हे चित्र आपल्या साहित्याने मनावर कोरले आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे, हे येथे आठवते. तिथे ऐकणारे आश्रमातील सोबती आहेत, लहान मुले नव्हेत. तरी गोष्टीची वेळ रात्रच असावी, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

परंतु त्या चित्राकडे जरा निरखून पाहिले तर त्यात एक जागा रिकामी दिसते. आजी आहे, आई आहे, क्वचित आत्या आहे. वडील बहुधा नाहीत. ते ओसरीवर आहेत, पेढीवर आहेत किंवा त्यांच्या पावलांचा आवाज आला की मुले गप्प होतात. म्हणजे पूर्वीही हा अर्धा तास स्त्रियांच्या श्रमावर चालत होता. आज आजी गावी राहिली किंवा दुसऱ्या भावाकडे गेली. तिचा वाटा वडिलांकडे यायला हवा होता. तो बहुतेक घरांत आईकडे गेला, आणि तिला नोकरी असेल तर नोकरीच्या वर गेला.

आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2024 मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रियांनी घरातील माणसांची देखभाल करण्यात वेळ दिला. पुरुषांचे प्रमाण 21.4 टक्के होते. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सुमारे 140 मिनिटे त्यात जात होते. पुरुषाचा जेमतेम सव्वा तास. म्हणजे मुळात निम्मेच पुरुष या कामाला हात लावतात, आणि जे लावतात तेही स्त्रीच्या निम्मा वेळ देतात. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडे ते बापाच्या दिनक्रमातही धरले जात नाही.

मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीने 1934 साली घरगुती उत्पादनाची एक कसोटी सुचवली होती. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करवून घेता येते, ते उत्पादक काम. स्वयंपाक, धुणे, मुलांची राखण या कसोटीला उतरतात. पुढे गॅरी बेकर यांनी 1965 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की बाजारातून आणलेली वस्तू आणि घरातला वेळ यांच्या संयोगातूनच आपल्याला हवे ते समाधान निर्माण होते. बेकरांच्या भाषेत बोलायचे तर चित्रांचे पुस्तक हा केवळ कच्चा माल आहे. त्याची गोष्ट होण्यासाठी कोणाचा तरी वेळ त्यात पडावा लागतो. आणि रीडबाईंची कसोटी लावली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. मुलाला झोपवण्याचे काम पगारी बाई करू शकते, आणि अनेक घरांत ती ते मायेने करते. पण ‘आज बाबा घरी आहे’ ही वस्तू तिला बनवता येत नाही. मोबाईलवरील गोष्टीलाही ती बनवता येत नाही. या एका वस्तूला बाजारात पर्याय नाही, म्हणून तिची किंमत कोठे लिहिलेली नाही. आणि जिची किंमत लिहिलेली नाही ती फुकट आहे, अशी आपली समजूत झाली आहे.

आठवड्याचा हिशेब, रोजची झोप

या पार्श्वभूमीवर एका सरकारी निर्णयाकडे पाहिले पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील कामाच्या तासांची दैनिक मर्यादा वाढवण्यास मान्यता दिली : कारखान्यांत 9 वरून 12 तास, दुकाने व आस्थापनांत 9 वरून 10 तास. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम राहील, जादा कामाचा मोबदला मिळेल, कामगाराची संमती लागेल, उद्योगांना लवचिकता लाभेल, असे समर्थन करण्यात आले. या समर्थनात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. गुंतवणूक हवी, रोजगार हवा. आणि चार दिवस अधिक काम करून पाचव्या दिवशी मोकळे होणे काही कामगारांना सोयीचेही वाटेल.

परंतु या सर्व युक्तिवादाचे एकक आठवडा आहे. आठवड्याची बेरीज तीच राहिली म्हणजे कामगाराचे काही गेले नाही, असे त्यात गृहीत आहे. रविवारच्या गोष्टीबाबत मी जी चूक केली, तीच ही चूक आहे. मुलाची झोप आठवड्याच्या हिशेबाने येत नाही, ती रोज येते. सहा वाजता सुटणारी बाई सातला सुटू लागली तर तो एक तास कागदावर कोणत्याही इतर तासासारखाच असतो; घरी मात्र तो नेमका साडेआठ ते साडेनऊचा तास असतो. दिवसाचे सगळे तास सारख्या लांबीचे असले तरी सारख्या मोलाचे नसतात, हे विजेचे दर ठरवणाऱ्यांना समजते. श्रमाचे तास ठरवणाऱ्यांनाही ते समजावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. लहान मुले असलेल्या कामगारांची संमती खरोखर मुक्त असेल, नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही, एवढी तरतूद केवळ कागदावर न राहता अमलात आली पाहिजे.

कायद्याखेरीज जे करता येण्याजोगे आहे, तेही थोडे नाही. सायंकाळी सहानंतर बैठका न बोलावणे, रात्री कार्यालयाच्या समूहावर संदेश न धाडणे, यांना एक पैसाही लागत नाही. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात ध्वनिवर्धकांवर निर्बंध घातले. कायद्याची रात्र दहाला सुरू होते. मुलांची नऊला होते, याचे भान मंडपातील कार्यकर्त्यांनी स्वतःहून ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. शिक्षकांना आणि प्राध्यापकांना तर हे सांगण्याचा अधिकारही मला नाही, कारण दुसऱ्यांच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना आपल्या मुलाला ‘उद्या सांगतो’ म्हणण्याचा दोष आपण सर्वांनी केलेला आहे.

ज्यांना हे कोणत्याही प्रकारे शक्य नाही, असे लोक पुष्कळ आहेत. रातपाळीची परिचारिका, मुक्कामी गाडीचा एसटी वाहक, बंदोबस्तावरचा पोलीस यांना ‘रोज नऊला घरी या’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. त्यांच्या मुलांसाठी नेमाची वेळ बदलेल. तो सकाळी वेणी घालताना असेल, शाळेच्या वाटेवर असेल, ठरलेल्या वेळच्या फोनवर असेल. मुलाला घड्याळ कळत नाही. ठरलेले माणूस ठरल्याप्रमाणे येते की नाही, हे मात्र कळते. ज्यांना निवड करता येते आणि तरी करीत नाहीत, त्यांच्याविषयी हा लेख आहे; आणि त्यांच्यात मी मोडत होतो.

मी सायंकाळचे वर्ग सोडले. त्याने उत्पन्नात खोट आली आणि ती जाणवते. पत्नी बँकेत नोकरी करते. घराचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, आणि आता त्या हप्त्यानंतर हाती उरते ते कमी उरते. संधीचा त्याग म्हणजे किंमत, ही व्याख्या मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ती मोजण्याची वेळ माझ्यावर उशिरा आली. आता आठवड्यातल्या चार रात्री गोष्ट माझी असते, तीन रात्री त्याच्या आईची. तिला त्या चार रात्री अर्धा तास मोकळा मिळतो. तो तिने कशात घालवावा हे विचारण्याचे मला कारण नाही.

मुलगा आता पाच वर्षांचा आहे. वारांची नावे त्याला अजून ओळीने येत नाहीत. गुरुवारच्या आधी तो शनिवार घालतो. पूर्वी त्याला एक वार मात्र पक्का ठाऊक होता. आता अंथरुणाशी जाऊन बसलो की तो वार विचारत नाही. गोधडी बाजूला करून जागा करून देतो, आणि काल गोष्ट कुठे थांबली होती ते मलाच सांगतो.